सैल कांडी

बोटं जुळवून हात समोर धरले, की करंगळी शेजारच्या बोटाला टेकून राहायला हवी. नंदलालची उजवी करंगळी नऊ सेकंद राहिली, मग हळूच बाहेर सरकली. त्यानं ती परत जुळवली. ती पुन्हा सरकली.

"मान दुखते म्हणून आलो जी. हाताले काय पाहून राहिल्या?"

"मानेचंच पाहतेय," तृप्ती मॅडम म्हणाल्या. भंडाऱ्याच्या या दवाखान्यात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. मान वळवून, खांदे दाबून झालं होतं. "आता जमेल तितक्या भरभर मूठ उघडा, मिटा."

दहा सेकंदांत वीस वेळा तरी व्हायला हवं होतं. अकराच झालं.

"मामाजी, मोबाइलवर रील पाहाले तं बोटं मस्त चालतात तुमची," पिशवी मांडीवर घेऊन बसलेली सून मोनिका म्हणाली. मॅडमही हसल्या. नंदलालला हसू आलं नाही.

"मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो," मॅडमनी समजावलं. "तो दबला, तर कधी कधी मान थोडीच दुखते, पण बोटं बिघडतात. म्हणून मला एमआरआय हवाच आहे. पण त्रास जुना असेल, वाढत असेल, तर आजच नागपूरच्या सर्जनला चिठ्ठी देते. हातातून वस्तू सुटतात? कधीपासून?"

नंदलालनं मोनिकाकडे पाहिलं नाही.

आंधळगावात चाळीस वर्षं तो कोसा रेशीम विणत होता. दिवाळीपासून आडवा धागा नेणारा धोटा हातातून निसटू लागला. वीण कुठे दाट, कुठे विरळ. धोट्यातल्या कांडीवर धागा गुंडाळून द्यायचं काम मोनिकाचं होतं. व्यापाऱ्यानं दोन थानं परत केली, तेव्हा नंदलालनं शेजाऱ्यांदेखत मोनिकालाच झापलं, "सैल कांड्या भरते! मायनं हेच शिकवलं का?" त्याच संध्याकाळी त्यानं कोशाचा धागा चिमटीत धरून पाहिला. धागा बोटांना कळलाच नाही. दोष कांड्यांत नाही, आपल्या बोटांत आहे, हे तेव्हाच त्याला समजलं होतं. तरी पुढच्या आठवड्यात तो तेच बोलला. मोनिका प्रत्येक कांडी दोनदा भरू लागली. मागावर बसायचं तिनं विचारलं, तेव्हा "सैल हाताची बाई मागावर?" असं म्हणून त्यानं तिला उडवून लावलं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. पण सांगितलं, की माग सोडावा लागणार होता.

"मामाजी, मॅडम विचारून राहिल्या ना."

"दिवाळीपासून," तो म्हणाला. "वाढूनच राहिलं. बटणंही माही बायको कौशल्याच लावून देते. धागा बोटाले लागतच नाही." मग म्हणाला, "सुनबाई, तुह्या कांड्या बरोबर होत्या. मले माहीत होतं."

मोनिका पिशवीचा बंद सारखा करत राहिली.

"मले बी माहीत होतं, मामाजी. कांडी सैल असली तं कापड असं नाही येत."

त्याचे कान तापले. इतके महिने ती ऐकून घेत होती, तेही सगळं माहीत असून.

मॅडमनी चिठ्ठी लिहायला घेतली. नंदलाल पहिल्यांदाच सुनेकडे नीट वळला. मान वळेना, म्हणून खुर्चीतच सगळा फिरला.

"मी आता मागावर नाही बसत. तू बस."