बसून घ्यायची लाट

हेल्मेट घालून तिनं मान जोरात हलवली. हेल्मेट डोळ्यांवर आलं.

"हे नको," ती आतूनच म्हणाली. "यात माझं डोकं पाहुणं आल्यासारखं वाटतंय."

दुकानदारानं एक माप लहान काढून दिलं. त्याच्या दाढीत फायबरची पांढरी भुकटी अडकली होती. मागच्या शेडमध्ये तो स्वतः लाटांवर चालवायच्या फळ्या घडवायचा आणि घेणाऱ्याला शिकवायचाही. ती आत आली तेव्हा त्यानं विचारलं होतं, नातवंडांसाठी हवंय का. "नातवंडं नाहीत," ती म्हणाली होती. "गुडघे आहेत, तेही गेलेले. माझ्यासाठीच हवंय."

सत्तावीस वर्षं तिनं उभं राहून लोकांचे केस कापले होते. बसायचं ते गिऱ्हाइकानं. गेल्या वर्षी सलून भाचीच्या हवाली केलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला फार वेळ उभं राहायला मनाई केली. आणि मग एका सकाळी किनाऱ्यावर तिला हाच दाढीवाला दिसला. लाटेवरून चक्क बसून येत होता. खाली फळी, फळीत खोलगट आसन, पाय पुढच्या, चपलेला असतात तसल्या वाद्यांत अडकवलेले, कमरेला पट्टा आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. तो बाहेर येईपर्यंत ती वाळूत थांबली आणि त्या वस्तूचं नाव विचारून घेतलं. वेव्हस्की.

"वजन?" त्यानं आता विचारलं.

"बायकांना वजन विचारतात का?"

"मी नाही, समुद्र विचारतो."

"बहात्तर."

तो नुसता बघत राहिला.

"शहात्तर," ती म्हणाली.

भिंतीवरच्या निमुळत्या लाल फळीवरून त्याचा हात पुढे सरकला आणि जागोजागी डागडुजी केलेल्या एका रुंद, पिवळ्या फळीवर थांबला. "फळी लहान पडली तर तुमच्यासकट पाण्याखाली बसणार. उगाच मोठी घेतलीत तर बुचासारख्या डोलत राहाल, वळता येणार नाही. ही बरोबर आहे."

"लाल दिसायला बरी आहे."

"ती माझी आहे. मलासुद्धा तिसऱ्या वर्षी झेपली."

त्यानं पिवळी फळी दोन जुन्या टायरांवर ठेवली आणि तिला वर बसवलं. गुडघे कुरकुरले, तशा त्यानं पायांच्या वाद्या दोन बोटं पुढे सरकवल्या. मग पट्टा. तो आवळायचा कसा हे एकदाच दाखवलं. सोडायचा कसा हे मात्र तो पुन्हा पुन्हा करून घेत राहिला. उजव्या हातानं. डाव्या हातानं. डोळे मिटून. तो बोलत असताना मध्येच.

"मी गिऱ्हाइकांना एवढं छळलं नाही कधी," ती म्हणाली.

"तुमचं गिऱ्हाईक उलटं लटकत नव्हतं."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तर पॅसेजमध्ये ती पिवळी फळी आडवी. तो किनाऱ्यावर जीवरक्षक होता. रापलेल्या मानेवर शिट्टीच्या दोरीची पांढरी रेघ उमटलेली असायची. तो भिंतीला चिकटून पलीकडे गेला, हात धुतले, जेवायला बसला. अर्धं जेवण झाल्यावर बोलला.

"कुठे चालवणार आहेस?"

"समुद्रात. अंघोळीच्या बादलीत मावत नाही."

"माझ्या किनाऱ्यावर नाही."

"समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला मी ओळखत होते. त्याच्याकडे धड सायकलसुद्धा नव्हती."

एरवी तो हसला असता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"गेल्या पावसाळ्याआधी मी एका बाईला बाहेर काढलं. तुझ्याच वयाच्या. उशीर झाला होता. तुला सांगितलं नव्हतं."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या आठवड्यात तो तीन दिवस घराबाहेर पडला नव्हता. पोट बिघडलंय म्हणाला होता. ती त्याच्याकडे गेली. केसांवरून हात फिरवायला हात उचलला, पण तो उठून उभा राहिला.

"म्हणूनच शिकतेय ना," ती म्हणाली. "न शिकता उतरले तर तुला काढावं लागेल."

"किंवा उतरूच नकोस."

"ते मला जमणार नाही."

पहिला आठवडा खाडीच्या संथ पाण्यात गेला. दुकानदारानं वल्हं हातात दिलंच नाही. तिला पट्ट्यानं बांधायचं, फळी पालथी घालायची आणि वाट बघायची, एवढंच त्याचं शिकवणं. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं आणि हात पट्ट्याऐवजी आभाळ शोधायला लागले. त्यानं तिला वर काढलं. ती खोकली, थुंकली, दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा फळीवर चढली. चौथ्या दिवशी पट्टा तिनं पाण्याखाली स्वतः सोडला. सहाव्या दिवशी सोडण्याआधी पाण्याखाली जरा थांबून बघितलं. हिरवं होतं सगळं, आणि कुणी काही बोलत नव्हतं.

मग किनाऱ्याजवळच्या फुटलेल्या लाटा. तिथे वेगळीच गंमत. फेसाची भिंत बाजूनं अंगावर आली की तिचं शरीर आपसूक दुसऱ्या बाजूला कलायचं, आणि त्याच क्षणी ती पालथी.

"लाटेकडे झुका," कमरेएवढ्या पाण्यातून दुकानदार ओरडायचा. "वल्हं त्याच बाजूला टेका. पळालात की उलटलात."

"जी मारायला येते तिच्याच गळ्यात पडू?"

"हो!"

वीस-बावीसदा उलटल्यावर एकदाची ती गळ्यात पडली. फळी थरथरली, फेस काखेपर्यंत आला, आणि ती वाळूपर्यंत आडवी घसरत गेली. बसलेली. जीवरक्षकांच्या मनोऱ्यावर मुलगा पाठ करून उभा होता. मान मात्र वळलेली होती, आणि दुर्बीण तिच्यावरच रोखलेली.

त्यानं शेवटी घरात एकच अट घातली होती: फेसाच्या पुढे जायचं नाही. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

महिन्याभरानं, वारा पडलेला असताना, ती पुढे गेली. दुकानदार म्हणाला, जा, आज बरं आहे, मी इथे आहे. तीन लाटा तिनं छातीवर घेतल्या, चौथीच्या वरून पलीकडे उतरली, आणि अचानक सगळं शांत झालं. इथे लाटा फुटत नव्हत्या, नुसत्या उठत होत्या. दंड भरून आले होते. ती श्वास घेत बसली.

शिट्टी वाजली. दोन आखूड, एक लांब. परत या.

ती बसून राहिली.

पुन्हा वाजली. किनाऱ्यावरची चार माणसं वळून बघू लागली. तिनं वल्हं उंच धरलं, म्हणजे ठीक आहे, आणि तोंड समुद्राकडे वळवलं. काही वेळानं मागे हातांनी पाणी कापल्याचा आवाज आला. मुलगा बचावाच्या फळीवर पालथा पडून येत होता. जवळ येऊन तो उठून बसला. धापा टाकत होता.

"आई, चल. दोरी लावतो."

"दोरी लावलीस तर पट्टा सोडून पोहत जाईन."

"लोक बघतायत."

"बघू देत. सत्तावीस वर्षं आरशात बघतच होते."

त्यानं दोरीचा आकडा हातात धरला होता. तिनं त्या हाताकडे पाहिलं नाही. दोघांच्या फळ्या एकमेकींना हलकेच आपटत राहिल्या. त्यानं तिचा पट्टा बघितला, पायांच्या वाद्या बघितल्या. तिच्या बोटांची सालं निघाली होती, तीही बघितली. मग आकडा आपल्या फळीच्या कडीत अडकवून ठेवून दिला.

लांबवर पाण्याला एक काळी घडी पडली. ती जवळ येता येता उंच होऊ लागली. तिनं फळीचं नाक किनाऱ्याकडे वळवलं आणि वल्ह्याचं पातं पाण्यात घातलं.

"ही नको," तो म्हणाला.

तिनं मान वळवली. तो तिच्याकडे पाहत नव्हता, तिच्या मागे पाहत होता, डोळे बारीक करून.

"एकदम कोसळेल ही. मागची घे. मागची लांब जाईल."

तिनं वल्हं पाण्यातून काढून मांडीवर ठेवलं. लाट दोघांच्या खालून गेली. दोघं वर गेले, खाली आले.

"कुठे आहे?" तिनं विचारलं.

"येतेय," तो म्हणाला, आणि तिला वाट मिळावी म्हणून आपली फळी बाजूला घेतली. "थांब जरा. सांगतो."