फ्रीडासाठी केलेली चाल

मॉर्टी पर्लाक थिएटरात सगळ्यात मागे, शेवटच्या रांगेमागच्या कठड्याला टेकून उभा होता. ब्रॉडवेवरचे संगीतकार आपल्या खेळाला बसत नाहीत, असेच उभे राहतात. खेळ कोसळायला लागला की पळता येतं. आज खेळ झकास रंगला होता, तरी मॉर्टीला पळावंसं वाटत होतं. बुधवारचा दुपारचा खेळ, नटूनथटून आलेल्या बायकांनी थिएटर भरलेलं, आणि सहाव्या रांगेत फ्रीडा बसलेली.

फ्रीडा म्हणजे हायमन डॉर्फ्लरची बायको. मॉर्टीच्या चालींना आयुष्यभर शब्द दिले ते हायमननं. तो जाऊन दोन हिवाळे झाले. हायमन-फ्रीडाच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोघा मित्रांनी मिळून एक गाणं केलं होतं, फक्त तिच्यासाठी. "हे स्टेजवर जायचं नाही हं, मॉर्टी," हायमननं बजावलं होतं. "बाकी काय हवं ते विक, हे माझ्या बायकोचं." मॉर्टीनं वचन दिलं होतं. हायमन हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा फ्रीडा त्याच्या उशाशी बसून तेच गायची.

आणि या दिवट्यानं काय करावं? न्यूयॉर्कला आणायच्या आधी खेळ बोस्टनला चालवून बघत होते, तिथं दुसरा अंक सपशेल पडला. निर्माता बेकमन ओरडला, "मॉर्टी, हसवणारं गाणं दे, नाहीतर गाशा गुंडाळतो!" या धंद्यात खेळातून कापलेलं गाणं कुणी फेकत नाही. चाल पेटीत ठेवतात, वेळ आली की नवे शब्द चढवतात. मॉर्टीनं सगळी पेटी उपसली, एकही चाल लागू पडेना. मग कधीच पेटीत न गेलेली फ्रीडाची चाल त्यानं पियानोवर घेतली, तिप्पट वेगानं. बेकमन टाळ्या पिटायला लागला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. नव्या गीतकारानं त्या चालीवर प्रेमात पडलेला खाटीक नाचवला, गळ्यात सॉसेजच्या माळा घालून.

तोच खाटीक आता स्टेजवर आला. पहिल्याच ओळीला हशा पिकला. मॉर्टीची नजर फ्रीडाच्या टोपीवरून हलेना. टोपी जराशी ताठ झाली, मग गदगदा हलायला लागली. फ्रीडा हसत होती! टाळ्याही वाजवल्या तिनं. सुटलो, ओळखलं नाही, असं मॉर्टीच्या मनात आलं, आणि आलं म्हणून त्याला स्वतःचीच किळस वाटली.

खेळ सुटल्यावर दारात फ्रीडानं त्याचा हात हातात घेतला. "छान चाललंय रे तुमचं."

"आवडलं?" त्यानं चाचरत विचारलं.

"खाटकाचं गाणं ना? हसले की. आजूबाजूच्या सगळ्या हसत होत्या. मी एकटीच रडत बसले असते तर बरं दिसलं असतं का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मॉर्टीला झालं. "फ्रीडा, अगं..."

"आज सकाळपर्यंत भांडी घासताना म्हणत होते मी ते. आता म्हणायला घेतलं की तो सॉसेजवाला नाचायला लागेल रे डोळ्यांपुढं."

"काढून टाकतो! तू म्हण, आजच काढतो." तो हे ठासून बोलला खरा, पण त्याला फ्रीडा पक्की ठाऊक होती. ती कुणाच्या पोटावर पाय देणारी नव्हे. राहू दे म्हणेल, याच भरवशावर त्यानं जीभ उचलली होती.

"काढ," फ्रीडा म्हणाली.

"म्हणजे... बेकमनशी बोलावं लागेल गं. अख्खा दुसरा अंक त्या गाण्यावर उभा आहे. नवं गाणं बसवायचं तर... बघतो मी."

फ्रीडानं त्याचा हात सोडला. "बघ हं," असं अगदी मऊ आवाजात म्हणून ती फुटपाथवर उतरली. तिच्या पुढंमागं खेळाला आलेल्या बायका घोळक्यानं चालल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या खाटकाची चाल गुणगुणत होत्या. फ्रीडा मान खाली घालून त्यांच्यातून वाट काढत गेली. आणि मॉर्टीला, मेल्याला, ते गुणगुणणं ऐकून त्याही क्षणी बरं वाटलं.