हिरडेवाडीची भिंत

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या मागे कासार आंबोलीतलं चार खोल्यांचं घर राहिलं, जाड टायरची गिअरची सायकल राहिली आणि एक न झालेली सहल राहिली. घराचं आणि सायकलीचं काय करायचं ते उत्कर्षाला ठरवता येण्यासारखं होतं. सहल मात्र तिच्या मानगुटीवर बसली होती.

सहलीचा बेत तिच्या जन्माच्याही आधीचा. तिचे वडील, अण्णा, पौडच्या शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवत आणि सायकलनेच जात-येत. मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणीला चढायचं, तिथून डांबरी सोडून वाड्यावस्त्यांच्या वाटांनी भांबर्डे गाठायचं आणि पुढे लोणावळ्याकडे निघायचं. पाच दिवस, एकट्याने. ते कधी जमलं नाही, आणि का जमलं नाही ते त्यांनी घरात कोणाला विसरू दिलं नाही. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जेवताना ताटातून नजर वर न करता ते म्हणत, "यंदाही ताम्हिणी राहिली." की आई वाढता वाढता थांबे. उत्कर्षाच्या इंजिनिअरिंगच्या वर्षी राहिली, आईचं डायालिसिस सुरू झालं त्या वर्षी राहिली, आणि आई गेल्यावरही दर हिवाळ्यात राहतच गेली. पुढे गुडघे गेले. शेवटच्या आजारपणात उत्कर्षा त्यांना चमच्याने पाणी पाजत होती तेव्हा ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या दोघींपायी माझा एक डोंगर राहिला बघ." त्यांचं ते शेवटचं सलग वाक्य. तिने त्यांची हनुवटी पुसली.

म्हणून फेब्रुवारीत ती जाणार होती. त्यांच्याच सायकलवर, त्यांच्याच वाटेने, एकटीने. ऑफिसात सहा दिवसांची रजा मंजूर झाली होती. दोन महिने ती पहाटे नांद्याच्या रस्त्यावर सिमेंटच्या मिक्सरना चुकवत सराव करत होती. जेवणाच्या टेबलावर आता ताट ठेवायला जागा नव्हती. तिथे नकाशा, जास्तीच्या दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि या सगळ्याच्या मधोमध अण्णांची वही.

वहीत मुक्कामाची गावं होती, माणसांची नावं होती, कुठे काय मिळतं ते होतं. दुसऱ्या मुक्कामापाशी लिहिलं होतं : 'हिरडेवाडी. फुलाबाईचं घर, चिंचेखाली. विहिरीचं पाणी गोड. शेवटचा चढ उतरून ढकलावा लागतो.' डोंगरातली पोरं अण्णांच्या वर्गात असत. त्यांना विचारून विचारून त्यांनी हे जमवलं असणार, असं तिने धरलं होतं. कधी न गेलेल्या वाटेचा चढसुद्धा या माणसाने लिहून ठेवला, या विचाराने तिला एकदा रडूही आलं होतं.

जुईली तिची मामेबहीण. दोघींची ऑफिसं हिंजवडीत समोरासमोर होती, म्हणून शुक्रवारी जेवायला त्या एकत्र बसत.

"त्या सायकलवर जाणार?" जुईलीने विचारलं. "मला तर वाटतं ती सायकलसुद्धा चढावर टोमणा मारेल."

"बरी आहे सायकल. गिअर बदलून घेतलेत."

"आणि राहणार कुठे?"

"वहीत नावं आहेत."

"वहीतली माणसं हयात आहेत का ते तरी बघ, बाई."

"म्हणूनच उद्या गाडीने जाऊन येतेय. तिकडे फोन लागत नाही."

जुईलीने डबा बंद केला, पण झाकण दाबत बसून राहिली. "एक विचारू? अण्णांची सहल तू करणार. आत्यासाठी काय करणार?"

"आईला कधी काही नकोच असायचं."

"हो ना. म्हणून स्वस्तात सुटलो आपण सगळे."

शनिवारी सकाळी उत्कर्षा निघाली. ताम्हिणीच्या पुढे एका फाट्यावर डांबर संपलं. गाडी तिथेच लावून ती चालत चढली. शेवटचा चढ खरंच तसा होता. सायकल असती तर उतरून ढकलावीच लागली असती. वर दहा-बारा घरं, एक चिंच, आणि चिंचेखालच्या घराच्या पडवीत एक म्हातारी सुपात हिरडे निवडत बसलेली.

"फुलाबाई तुम्हीच का?"

"व्हय. तू कोन?"

"मी कासार आंबोलीची. फेब्रुवारीत सायकलवरून या बाजूला येणार आहे. एक रात्र राहायला जागा मिळेल का, म्हणून विचारायला आले."

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सायकलवर. आन आज चालत आलीस. म्हंजी चाकं मागनं येनार व्हय?"

उत्कर्षाला हसू आलं. "जागा बघायला आले आधी."

"बघ की. ही पडवी, ती चूल. डास हायेत, बिबट्या न्हाई. आमाला काय नवं न्हाई त्ये, सायकलवाला राहून गेलाय हितं. पानी घे, तांब्या हाय बग दारापाशी."

तांब्या घ्यायला ती वाकली आणि तिने वर पाहिलं तेव्हा दाराशेजारची भिंत समोर आली. लग्नघरच्या भिंतीवर रंगवतात तसं रंगवलेलं होतं. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे निळ्या ऑइलपेंटमध्ये : 'चि. सौ. कां. शीतल आणि चि. मंगेश यांचा शुभविवाह. मंगळवार, दि. १८ एप्रिल २०१७.' पडवीच्या आडोशाने ते पावसातही शाबूत राहिलं होतं. केळीची पानं थोडी उडाली होती, अक्षरं नाही.

ती अक्षरं तिने सात वर्षांची असल्यापासून गिरवली होती. गाठ मोठी आणि खाली बारीक शेपूट असलेला श. डोक्यावरच्या रेघेला शेवटी दिलेला किंचित उतार. पाटी पुसून पुन्हा, पुन्हा पुसून पुन्हा, रेघ अण्णांसारखी येईपर्यंत.

"कोणी काढलं हे?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक होतं.

"त्योच की, सायकलवाला. पौडचा मास्तर. आमच्या शीतलचं लगीन व्हतं, माजी नात. रंगवनारा ऐन टायमाला आलाच न्हाई. मास्तर म्हनला, डबा द्या हिकडं. दिसभर बसला लिवत. तीन दीस ऱ्हायला आमच्यात, लगीन लावून गेला."

एप्रिल २०१७. बोर्डाचे पेपर तपासायला बारामतीला जायचं आहे, सक्तीचं काम आहे, असं सांगून अण्णा गेले होते. आई पुण्यात हॉस्पिटलमध्ये होती. पाच दिवस उत्कर्षा खाटेजवळच्या स्टुलावर बसून होती. आई दर थोड्या वेळाने विचारायची, "फोन आला का गं त्यांचा?" आणि ती सांगायची, तिथे मोबाइल बंद ठेवायला लावतात. एकोणीसला संध्याकाळी अण्णा आले ते चेहरा रापून. तपासणी केंद्रावर पंखे नव्हते, म्हणाले. वीस तारखेला आई गेली. मडकं धरलेल्या त्यांच्या हाताच्या नखांत निळा रंग होता, तो तिने तेव्हाही पाहिला होता. उत्तरपत्रिकांची शाई, असं तिने न विचारताच त्यांनी सांगितलं होतं. मास्तर लोक पेपर लाल शाईने तपासतात, हे मास्तराच्या मुलीला तेव्हा सुचलं नाही.

ती पाणी प्यायली. गोड होतं.

"घरचं काही बोलायचे का?" तिचा आवाज तिला बरा वाटला, नेहमीसारखा.

"म्या इचारलं ना. म्हनलं, मास्तर, तीन दीस झालं, घरी कोन हाय का न्हाई? म्हनला, हाय की. बायको हाय, लेक हाय, समदी मजेत हायेत." फुलाबाईने एक किडका हिरडा उचलून अंगणात भिरकावला. "लई मोकळा मानूस. हळदीला नाचला बी, असं हात वर करून. पोरं हसून हसून पडली."

फळ्यावर लिहिताना सोडून अण्णांनी हात वर केलेला उत्कर्षाने कधी पाहिला नव्हता. ती पडवीच्या कडेला बसली. म्हणजे ताम्हिणी राहिली नव्हती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय असं घरात सांगून त्यांनी घेतलेली ही गिअरची सायकलही व्यायामासाठी नव्हती. आणि त्यानंतरची आठ वर्षं ते ताटाकडे बघत तेच वाक्य म्हणत राहिले, अगदी चमच्याने पाणी पितानाही. आपण गेलो होतो, एवढं सांगून टाकलं असतं तर ती चिडली असती, ओरडली असती, महिनाभर बोलली नसती. आणि मग कधीतरी बोलली असती. त्यांनी तिला चिडूही दिलं नाही. अपराधी तेवढं ठेवलं.

"दर साली येनार म्हनला व्हता," फुलाबाई सांगत होती. "आला न्हाई. आता रामदासचं लगीन हाय मार्चात, शीतलचा भाऊ. भिंतीला चुना मारायचा हाय, पर म्या थांबवलंय. म्हनलं, मास्तर आला तर त्योच लिवील, काय अक्षार हाय त्याचं. तुमच्याकडचाच हाय त्यो. वळखतीस का?"

"शाळेत शिकवायचे मला."

"मंग निरोप दे माजा. म्हनावं, भिंत तुज्यासाठी ठिवलीया."

"ते नाही येणार. चुना मारून टाका तुम्ही."

म्हातारीचा हात सुपात थांबला. "का गं? बरा हाय न्हवं?"

अंगणात एक कोंबडी तो किडका हिरडा उलटापालटा करत होती.

"मजेत आहेत," उत्कर्षा म्हणाली.

"मजेतच ऱ्हानार, तसा हायेच त्यो." फुलाबाईने सूप पुन्हा हलवलं. "आन तुजी तारीक सांगून जा. भाकरीचं पीठ ठिवाया बरं."

उत्कर्षा उठली. वही पिशवीत होती, तिच्यात तिने बारा फेब्रुवारी लिहून ठेवली होती. ती तिने बाहेर काढली नाही.

"कळवते," ती म्हणाली, आणि उतरायला लागली. वाडीत फोन लागत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.