भार टाका, आई

लोकांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पाठी राहतात. ऑपरेशन थिएटरात मी माणसं धरते. मणक्यात भुलीची सुई देताना पेशंटला बसवून पुढे वाकवावं लागतं: हनुवटी छातीला, कपाळ माझ्या खांद्यावर, कंबर मागे ढकललेली. मग मणक्यांमध्ये सुईला वाट मिळते. दुपारी डुलकी लागली की त्या उघड्या पाठी एकामागून एक तरंगत जातात माझ्यासमोरून.

आज टेबलावर आमच्या सासूबाई होत्या. पाय घसरून घोटा मोडला होता. दमा एवढा, की पूर्ण भूल म्हणजे जिवाशी खेळ, असं भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सुईनेच जमायला हवं होतं.

दोनदा नाही जमलं. सुई हाडालाच अडायची, कारण आमच्या बाईसाहेब ताठ. मोडेन पण वाकणार नाही, हे मी घरी बारा वर्षं सोसलंय. आता तर मोडूनही वाकेनात. दिव्याचा पांढरा उजेड, यंत्राची टुकटुक, गार हवा. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ झालं होतं, आणि मला भीती वाटत होती, रागही येत होता.

"आता शेवटचं बघते," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या.

"अहो आई, टेका ना माझ्यावर. कसला एवढा हट्ट?"

त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "तुझी कंबर दुखते ना गं. ओटा धरून उठतेस, बघते मी. त्यात माझं ओझं कशाला?"

कंबरेचं मी घरात कुणाला बोलले नव्हते. नवऱ्यालासुद्धा नाही.

पाय घट्ट रोवून मी त्यांच्या गार खांद्यांभोवती हात टाकले. "टाका सगळा भार. कंबर गेलीच, तर शेकायला तुम्ही आहात की."

त्या हसल्या असाव्यात, श्वास माझ्या मानेला लागला. कपाळ खांद्यावर टेकलं. मग हळूहळू, झोपेत कलंडावं तशी, अख्खी बाई माझ्या अंगावर आली.

"हां, अशाच राहा." डॉक्टरीणबाईंनी सुई पुन्हा आत सरकवली. "आलं मणक्यातलं पाणी. सुई बरोबर बसली." भुलीचं औषध सोडून त्या म्हणाल्या, "झालं. निजवा त्यांना लगेच."

निजवायलाच हवं होतं. कंबर ठणकत होती, तरी मला त्यांना सोडवेना.