चिठ्ठ्यांचं पिंप

रेल्वेचे वकील लॅथ्रॉप आमच्या न्यायालयात आले ते एकाच फायद्यासाठी : इथे गुद्रुन ट्वेट या शेतकरी बाईंचे शेजारी निकाल द्यायला बसणार नव्हते. इंजिनाच्या ठिणगीने बाईंची गवताची गंजी जळाली होती. हिवाळ्याआधी भरपाई मिळाली तरच गायी जगणार होत्या. पण रेल्वे कंपनी परराज्यातली, म्हणून खटला गावच्या कोर्टातून संघराज्याच्या न्यायालयात आला. इथे निकाल देणारे पंच, म्हणजे चिठ्ठी टाकून निवडलेले साधे नागरिक, नॉर्थ डाकोटाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतात.

मित्रांनो, मी त्या न्यायालयातलं एक जुनं लाकडी पिंप आहे. पंचांच्या नावांच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात असतात. दांडा फिरवायचा, झडप उघडायची, नाव काढायचं. चिठ्ठीतून कसला माणूस निघेल, उंच की बुटका, मवाळ की चिडका, याचं मला आजही कुतूहल वाटतं.

कारकून ओटिस प्रूइट राज्याच्या एकेका भागातल्या चिठ्ठ्या एकामागून एक टाकत असे. त्या वर्षी त्याचा खांदा दुखत होता. त्याने मला जेमतेम एक गिरकी दिली आणि वरवरच्या चिठ्ठ्या उचलल्या. त्या शेवटी टाकलेल्या, म्हणजे नेमक्या बाईंच्या भागातल्या.

ठरल्या दिवशी पंच हजर झाले.

"मिसेस ट्वेटना ओळखता?" न्यायाधीशांनी पहिल्याला विचारलं.

"ओळखतो म्हणजे? माझी पोरं तिच्याच हातची भाकरी खाऊन वाढली."

"तुम्ही?"

"मी मेव्हणा तिचा."

लॅथ्रॉप उठले. "साहेब, आता फक्त बाईंची गाय पंच म्हणून यायची राहिली."

"ती तरी खरं बोलेल," बाई म्हणाल्या.

न्यायाधीश हसले नाहीत. "ओटिस, पिंप फिरवलंस की नुसतं थोपटलंस?"

त्यांनी सगळ्या पंचांना बाद करून घरी पाठवलं. न्यायालय आमच्या गावी शरदात आणि वसंतात तेवढं बसे, त्यामुळे खटला वसंतावर गेला.

या वेळी ओटिसने मला गरगर फिरवलं. पार दुसऱ्या टोकाचे अनोळखी शेतकरी आले. लॅथ्रॉप खुशीत होते. एकाच्याही शेताजवळून रूळ जातात का, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. बहुतेकांच्या जात होते. निकाल बाईंच्या बाजूने लागला.

मित्रांनो, माझ्यासारखं पिंप कुठे दिसलं तर त्याला तेल द्या आणि मनापासून फिरवा. त्या एका गिरकीचा हिशेब मी अजून मांडतंय. ओटिसचं काही गेलं नाही. पंचांचे पेरणीचे दिवस गेले. गवताची भरपाई रेल्वेने दिली. गायी बाईंनी हिवाळ्यातच विकल्या होत्या.