उकडलेलं बियाणं

बुधाजीच्या खारीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, दोन वर्षं भात नव्हता. शेजारी गोदामासाठी भराव पडला, बांध फुटला आणि खाडीचं पाणी आत आलं ते पाहुण्यासारखं मुक्कामालाच. बांध त्याने पुन्हा घातला, पण मिठाने पांढरी पडलेली जमीन दुकानातल्या बियाण्याला थारा देईना. मुलगा प्रणित म्हणाला होता, यंदाही भात दिसला नाही तर खारीवर भराव टाकून ती गोदामवाल्याला द्यायची. प्रणित वाईट नव्हता. गोदाम भाडं देतं, खार काय देते, एवढंच तो विचारायचा.

मिठात तगणारा लाल भात मुळात बुधाजीच्या बापाचा. कृषी विद्यापीठाची माणसं पूर्वी तो त्याच्याच ओटीवरून घेऊन गेली, पनवेलच्या केंद्रात निवडून वाढवला आणि साऱ्या खारपट्ट्याला वाटला. विद्यापीठ आमच्या घरचा जावई, असं बुधाजी लग्नाच्या पंगतीतही सांगायचा. जावयाकडची ठेव कुठे जाते, म्हणून त्याने घरी बियाणं राखणं सोडलं.

मे संपता संपता तो केंद्रात गेला. तिथल्या पद्मजामॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला, बियाणं मात्र दिलं नाही. मागच्या उधाणात केंद्राचे वाफेही बुडाले होते आणि होता तो साठा त्यातच पेरलेला. त्या उलट बुधाजीकडेच मागायला निघाल्या होत्या. जावई आणि सासरा एकाच दिवशी एकमेकांकडे उसनं मागायला निघावेत, तशी दोघांची तोंडं झाली.

हा भात लावणारे बाकीचे केव्हाच खारीवर भराव टाकून बसले होते. उरली जासईची गुणाबाई, बुधाजीची बहीण. तिने गेल्या वर्षापर्यंत तोच भात लावला होता. मॅडमनी गाडी काढली.

अंगणात पाऊल टाकण्याआधीच वास आला. चटयांवर भात वाळत होता, उकडलेला. गुणाबाईची जमीन कंटेनरच्या यार्डात गेली होती. पेरायचं नाही तर खायचं, म्हणून तिने कणगी तळापर्यंत उपसून सगळा उकडून टाकला होता.

"थोडा राखायचा व्हता गो," बुधाजी म्हणाला.

"मना काय ठावं, दादा? इद्यापीठाकडं हायच, म्हनून उकडला."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि मावशी, आम्ही म्हणत होतो, तुमच्याकडे आहेच."

तरी त्या खाली बसून दाणे चाळू लागल्या. कच्चा एक सापडेना. कणगीही झाडून लख्ख; गुणाबाईच्या टापटिपीचं आजवर कौतुकच झालं होतं.

बुधाजीची नजर दाराकडे गेली. चौकटीवर गेल्या दसऱ्याचं नवं, नव्या पिकाचं तोरण, बांधलेलं होतं, आंब्याच्या सुकल्या पानांत भाताच्या लोंब्या. चिमण्यांनी बराच हिशेब चुकता केला होता. दारची लक्ष्मी उतरवायची नाय, असं गुणाबाई म्हणाली खरी, पण स्टूलही तिनेच आणून दिलं.

मूठभर दाणे निघाले.

"माज्या खारीला?"

"नाही पुरणार, काका. केंद्रात कुंड्यांमधून वाढवावं लागेल. गोणी व्हायला तीन हंगाम तरी."

"कुंड्या कशाला? माज्या खारीतच लावा."

"पुन्हा पाणी शिरलं तर हेही जाईल."

दाणे बुधाजीच्या मुठीत होते. मॅडमनी हात पुढे केला नाही. मग त्याने त्यांचा रिकामा जेवणाचा डबा मागून घेतला, दाणे त्यात ओतले आणि बोटांच्या बेचक्यात अडकलेला एक दाणाही डब्यातच झटकला.

नंतर त्याने प्रणितला फोन लावला.

"गोदामवाल्याला डंपर सांग," म्हणाला.