प्रश्न विचारा आणि थांबा

“यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि तुझा तर मुळीच बसू नये,” असं म्हणत सासरेबुवांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. “कारण हे खरं आहे.”

सूनबाईने हातातली टिपणं बाजूला ठेवली. विद्यापीठात शिकवायला लागून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि उद्या अध्यापक विकास केंद्राचं माणूस तिचा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसणार होतं. सासरेबुवा त्याच विद्यापीठातून निवृत्त झालेले, त्यामुळे धीर देण्याचं काम त्यांनी न मागता अंगावर घेतलं होतं. आत सासूबाई भांडी पुसत होत्या. हात भांड्यांवर, कान बाहेर.

“आमच्याकडे एक भोंगासर होते. त्यांचं काय झालं ते ऐक, म्हणजे तुझी भीती पळेल.”

तर भोंगासर शिकवायचे भूगर्भशास्त्र. खरं नाव त्यांच्या पगारपत्रकालाच ठाऊक. तळमजल्यावर त्यांनी ज्वालामुखी सुरू केला की वरच्या मजल्यावर इतिहासाच्या मुलांना घाम फुटायचा. रस्त्यापलीकडे न्हाव्याचं दुकान होतं. तिथलं गिऱ्हाईक दाढी करून उठायचं ते खडकांचे प्रकार पाठ करूनच. सुट्टीत घसा गंजू नये म्हणून सर घरी बायकोला शिकवत. ती बिचारी काय करणार, ऐकत होती.

(आत एक झाकण जरा जोरात आपटलं.)

पण सरांचा जीव अडकला होता तो पहिल्या वर्षाच्या वर्गात. कोऱ्या चेहऱ्यांची नवी पोरं समोर बसलीत आणि आपण म्हणतोय, “ही पृथ्वी एके काळी नुसता तापलेला गोळा होती!” या एका वाक्यासाठी ते सुट्टी संपायची वाट बघत. पुढचे वर्ग कुणीही घ्या, म्हणायचे. हा वर्ग मात्र मी मेल्यावर न्या.

मग विकास केंद्र आलं. आजवर विद्यापीठात अध्यापक होते, विकास नव्हता. आता विकास आला, आणि अध्यापक वर्कशॉपला गेले. केंद्रात पाठ न टेकता येणाऱ्या गोल खुर्च्या होत्या, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या होत्या आणि कॉफीचं मशीन होतं. विकास झाला तो बहुतेकांचा त्या मशीनपाशीच. नियम असा निघाला की ज्याचा तास केंद्राला पसंत पडणार नाही, त्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात पडदा लावायचा आणि पडद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं व्याख्यान दाखवायचं.

केंद्राच्या बाई वयाने सरांच्या मुलीएवढ्या. स्वभाव इतका गोड की रागवायचीही सोय नाही. सरांचा तास त्यांनी मागे बसून पाहिला आणि नंतर म्हणाल्या, “छान हं सर. फक्त एकच. तुम्ही खूप प्रश्न विचारलेत, आणि सगळ्यांची उत्तरं तुम्हीच दिलीत.”

“बरोबर होती ना?”

“अगदी. पण एक मुलगी उत्तर देत होती, तर तुम्ही तिला म्हणालात, ‘मध्ये बोलू नकोस, उत्तर सांगतोय.’”

“मग? सांगतच होतो.”

“सर, प्रश्न विचारा आणि थांबा.”

“किती थांबायचं?”

“उत्तर येईपर्यंत.”

“आणि नाही आलं तर?”

“येतं हो सर. मी पुन्हा येईनच बघायला.” आणि जाता जाता बाईंनी फळ्याची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजली. पडदा केवढा लागेल याचा तो अंदाज होता, हे दगडालाही कळलं असतं.

सरांच्या डोक्यात सणक गेली. थांबा म्हणता? असा थांबतो की तुम्हीच पाया पडून म्हणाल, सर, बोला!

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर नारळाएवढा एक गुळगुळीत दगड ठेवला. “हा दगड इथे कसा आला?” एवढं विचारलं, आणि तोंड मिटलं.

वर्ग गप्प. सर गप्प. त्या खोलीला शांततेची सवयच नव्हती. पंखा करकरतो हे लोकांना पहिल्यांदा कळलं. दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, हा बसवल्यापासून करकरतोय. वरून इतिहासाचे सर पांढरा शर्ट घालून खाली आले. त्यांना वाटलं, भोंगासर गेले. पलीकडे न्हाव्याचा हात चुकला आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली.

तास संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दगड, तेच मौन. तिसऱ्या दिवशीही तेच. आता न बोललेले शब्द जाणार कुठे? पोटात! सरांचं पोट फुगत चाललं. एकदा शर्टाचं बटण तुटून उडालं ते थेट ट्यूबलाइटवर. तरी सर हूं की चूं नाही. घरीसुद्धा नाही, एकदा तोंड उघडलं तर बांध फुटेल ही भीती. बायकोने विचारलं, “वाढू का?” तर नुसती मान डोलावली.

(आत भांड्यांचा आवाज थांबला.)

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी कंटाळून म्हणाली, “शिपायाने आणून ठेवला असेल.”

सरांची एक भुवई वर गेली.

“शिपाई कुठून आणेल?” दुसरा म्हणाला. “गोल आहे बघ. पाण्यात घासलाय.”

“पाण्यात घासून साबण झिजतो, दगड नाही.”

“तुझं डोकं मग कशात घासलं?”

झालं! पेटली पोरं. एकाने दगड चाटून पाहिला. दगडवाल्यांची ती रीतच असते. दुसऱ्याने त्याच्या हातातून ओढून चाटला आणि म्हणाला, “तुला चवच कळत नाही.” पोरं सायकलींवर टांग टाकून नदीच्या वरच्या अंगाला गेली आणि पोती भरभरून दगड घेऊन आली. बाकांवर दगड, खिडकीत दगड, जिन्यात दगड. कुलगुरू पाहणीला आले आणि एका दगडाला ठेचकाळले, तर पोरांनी त्यांना उठवायच्या आधी दगड उचलून पाहिला, टवका तर उडाला नाही ना!

अशा गोंधळात एके दिवशी केंद्राच्या बाई आल्या. बसायला दगडाशिवाय जागा नाही, म्हणून दगडावर बसल्या. वर्गात नुसती कावकाव. सरांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “छान,” म्हणाल्या. “छान, छान.”

इकडे सरांच्या जिभेच्या टोकावर उत्तर नाचत होतं. पोरं उत्तराच्या अगदी दारात येऊन भलत्याच गल्लीत वळत होती. आता मात्र सरांना राहवेना. ते उठले, छाती फुगवली, तोंड उघडलं...

आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, “सर, मध्ये बोलू नका! उत्तर सांगतोय!”

सर खाली बसले.

वर्ग वाचला. पडदा दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेला. अट एवढीच की सरांनी वर्गात बोलायचं नाही. केंद्राने त्यांच्या मौनाची फिल्म काढून शिक्षकांच्या मदतीसाठी ठेवली. आवाज नसलेली ती फिल्म लोक कानाला हेडफोन लावून बघत. मग बाकीच्या विभागांना मौन शिकवायला सरांना बोलावणं आलं. सभागृह भरून प्राध्यापक. सरांनी एक प्रश्न विचारला आणि थांबले. प्राध्यापकही थांबण्यात तयार झालेले, तेही थांबले. त्यातले काही अजून तिथेच आहेत, दुपारी त्यांना चहा नेऊन देतात.

“म्हणून सांगतो,” सासरेबुवांचा आवाज जरा खाली आला, “प्रश्न विचार आणि थांब. मग वर्ग कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही. सर निवृत्त होईपर्यंत तो वर्ग त्यांचाच होता.”

सूनबाई हसत होती. “पण बाबा, तो दगड आला कसा होता?”

ती थांबली. सासरेबुवांनी मोठा श्वास घेतला, छाती फुगवली, तोंड उघडलं...

“अहो, पुरे!” सासूबाई फडकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. “अगं, तो दगड खरा होता, त्या बाईही खऱ्या होत्या. पण हा भोंगा गप्प बसला, हे साफ खोटं! काय हो, त्या पुन्हा तास बघायला आल्या तेव्हा तुम्ही ‘मी कसा थांबतो ते नीट समजावून सांगतो’ म्हणून तास संपेपर्यंत बोलत होतात ना? पडदा लागला तो त्याच आठवड्यात!”